हे भोक झाकू नये

हरेश्वर चोगले डिस्क घेऊन आला
बर्फाच्या पिशवीतून.
"कोरडी आहे," म्हणाला, "पिशवीच ओली."
हर्णैच्या बाजारात माझं दुकान,
शेजारी जाळ्याचा दोरा, समोर सुकट.
बंदरावर लिलाव लागला
की गिऱ्हाइकाशी खुणेनंच बोलायचं.

वायर जोडून डिस्क कानाला लावली.
टक्. टक्. टक्.
आतला हात रेघ शोधायला निघतो,
सापडत नाही, मागे येतो,
पुन्हा निघतो.

"काय आहे हिच्यात?"
"खडपं."
एकसष्ट खडपं. वडलांच्या वहीत पानाला एक :
किल्ल्याचा बुरूज आणि बत्तीचा खांब एका ओळीत आले
की आठ वाव खाली दगड,
जाळं टाकू नये.
वही वाळवीनं नेली.
त्याआधी भाचीनं पानांचे फोटो काढले होते,
तेवढेच.

मग त्याला सांगत बसलो.
आत आरशासारखी तबकडी,
मिनिटाला पाच हजार चारशे फेरे.
हाताच्या टोकाला डोकं, तिळाएवढं.
ते टेकत नाही.
तबकडीच्या फिरण्यानं जो वारा उठतो
त्याच्यावरच तरंगतं.
तुझा एक केस घे, उभा चीर,
पंधरा हजार चिरोट्या कर,
एका चिरोटीच्या जाडीएवढं अंतर.
"म्हणजे किती वाव?"
त्यानं विचारलं. हसला नाही.

आणि लिहिलेलं म्हणजे शाई नाही, खाच नाही.
लोहचुंबकाचे कण,
कुणाचं तोंड इकडे, कुणाचं तिकडे.
"कोट्यवधी होकायंत्रं," तो म्हणाला,
"आणि एकाचीही सुई हलत नाही."
इतकी वर्षं हा धंदा करतोय,
मला सुचलं नव्हतं.

लाइट गेली. जातेच.
तेव्हा हेही सांगितलं :
वीज तुटली की तबकडी लगेच थांबत नाही,
तिच्या उरलेल्या फेऱ्यांतूनच चिमूटभर वीज निघते,
तेवढ्यावर हात स्वतःला कडेला लावतो.
"इंजिन बंद करून होडी वाळूला लागते तशी."
"तशी."

झाकणावर बारीक भोक, खाली छापलेलं :
हे भोक झाकू नये.
आतल्या हवेला बाहेरच्या हवेशी नातं ठेवावं लागतं,
मध्ये गाळणी आहे, धूळ अडते.
दमट अडत नाही.
"आपली हवा," हरेश्वर म्हणाला
आणि माझ्या दुकानाच्या शटरकडे बघितलं,
खालच्या तीन पट्ट्या खाऱ्यानं खाल्लेल्या.

पाठीवरची हिरवी पाटी सोडवली.
जिथे ती डोक्याच्या तारांना टेकते
तिथले ठिपके काळे पडलेले.
पोरीच्या कंपासमधला खोडरबर घेतला
आणि घासले.
खोडरबरानं पुसलं
तेव्हा लिहिलेलं दिसायला लागलं,
या धंद्यात असंही होतं.

रात्रभर डिस्क चालली, बाजूला टेबलफॅन.
पहाटे चाळीस पानं आली.
चार अर्धी : वर वडलांचं गिचमिड अक्षर,
खाली सपाट राखाडी,
भरती मध्येच थांबल्यासारखी.
मग एक लांब खर्र,
डोकं तबकडीला टेकलं होतं.
त्यानंतर काहीच नाही.

पैसे निम्मे घेतले. त्यानं पूर्ण ठेवले.
"उरलेली सतरा?"
"ती जाळं सांगेल," म्हणाला,
"फाटेल तिथे लिहीन."

दार ओलांडताना मागे वळला.
आता उपयोग नाहीच ना, मग ती तबकडी देशील?
स्क्रू काढले, दिली.
एक गोल चरा, बाकी लख्ख.

परवा बंदरावर बघितला.
होडीच्या केबिनला खिळ्यावर ती टांगलेली,
समोर हरेश्वर, गालाला साबण,
दाढी करतोय.
लाटेनं चेहरा वरखाली,
आणि चेहऱ्याच्या मागे कुठेतरी
सतरा दगड,
उत्तर-दक्षिण तोंडं करून
जागच्या जागी.